नुमाइंदा हवा, हिशोब नको?

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत एकच प्रश्न विचारला जातो : "आपले किती आले?" इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर, एसटी स्टँडवर, कुवेत-दोह्याहून येणाऱ्या फोनवर, सगळीकडे हीच मोजदाद चालू असते. २०२४ मध्ये ती दोनदा झाली. जूनमध्ये लोकसभेची, नोव्हेंबरमध्ये विधानसभेची. महाराष्ट्रातून लोकसभेवर गेलेल्या ४८ जणांत मुसलमान एकही नाही. महायुती आणि महाविकास आघाडी या दोन्ही मोठ्या आघाड्यांनी ४८ पैकी एकाही जागेवर मुसलमानाला उमेदवारी दिली नव्हती. विधानसभेच्या २८८ जागांवर दहा निवडून आले, त्यांत स्त्री एक. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात आपण साडेअकरा टक्के आहोत. त्या हिशोबाने विधानसभेत तेहतीस जण हवे होते.

हा अन्याय आहे. तो गुळमुळीत शब्दांत सांगण्याची मला गरज वाटत नाही. एक बाजू आपल्याला भीती दाखवून बहुसंख्याकांची मते गोळा करते आणि दुसरी बाजू त्याच भीतीच्या जोरावर आपली मते गृहीत धरते. सभेला गर्दी आपली, सतरंज्या उचलायच्या त्याही आपण, इफ्तार पार्टीचा फोटो त्यांचा. तिकीटवाटपाची वेळ आली की मात्र "तुमच्यातला उमेदवार निवडून येत नाही हो," असे खांद्यावर हात ठेवून सांगितले जाते. या दगाबाजीवर या वार्षिकासारख्या अंकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे.

पण मला आज दुसऱ्या प्रश्नावर भांडायचे आहे. "आपले किती आले?" हे आपण विचारतो. "आले त्यांनी काय केले?" हे आपण कधी विचारले का? आणि त्याहून अवघड प्रश्न : ज्या ठिकाणी आपलीच माणसे शंभर टक्के आहेत, त्या आपल्या जमातीत आपण कुणाला काय विचारू शकतो?

मी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. दहावीच्या वर्गात लोकशाहीचा धडा आला की तीन शब्द फळ्यावर लिहावे लागतात. नुमाइंदगी म्हणजे प्रतिनिधित्व. इक्तिदार में शिराकत म्हणजे सत्तेत वाटा. जवाबदेही म्हणजे उत्तरदायित्व. मुलांना मी सांगते की 'नुमाइंदा' आणि 'नुमाइश' हे शब्द एकाच फारसी धातूपासून आले आहेत. नुमाइंदा म्हणजे जो आपल्या वतीने दिसतो तो. नुमाइश म्हणजे नुसते प्रदर्शन. दोहोंमधला फरक तिसऱ्या शब्दात आहे. ज्याच्याकडून जवाब घेता येतो तो नुमाइंदा, ज्याच्याकडून घेता येत नाही ती नुमाइश. मुले हसतात आणि लिहून घेतात. परीक्षेत गुणही मिळवतात. मग शाळा सुटते आणि ती अशा मोहल्ल्यात परत जातात जिथे या तिसऱ्या शब्दाला थारा नाही.

नुमाइंदगीचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच जिल्ह्याचा आहे. म्हसळा तालुक्यातील आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९६२ मध्ये आमदार झाले आणि जून १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. या राज्याला तो पहिला आणि आजवरचा एकमेव मुसलमान मुख्यमंत्री. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांनी १९८१ मध्ये दिले. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे त्यांच्याच काळात झाले. निराधार म्हाताऱ्यांना, विधवांना महिन्याला चार पैसे मिळावेत म्हणून संजय गांधी निराधार योजना आली ती त्यांच्याच कारकिर्दीत. त्या योजनेचे पैसे घेणाऱ्या बाया मी आजही तालुक्याच्या बँकेसमोर रांगेत पाहते, आणि त्या सगळ्या जातींच्या, सगळ्या धर्मांच्या असतात. आपला माणूस खुर्चीवर बसला तर तो फक्त आपले पाहील, या आरोपाला इतके सोपे उत्तर दुसरे नाही.

आणि याच माणसाला जानेवारी १९८२ मध्ये खुर्ची सोडावी लागली. सिमेंटची टंचाई होती, कोट्याने वाटप होत होते. बिल्डरांना जादा सिमेंट मिळाले आणि त्यांच्याकडून इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणग्या आल्या, या दोहोंचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी आपल्या निकालात मान्य केला. पुढे फौजदारी खटल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने त्यातला न्यायालयाचाच आधीचा आदेश रद्द केला. कायद्याच्या इतिहासात ते प्रकरण आजही शिकवले जाते.

आपल्या घरांत ही कहाणी कशी सांगितली जाते ते आठवून पाहा. "आपला माणूस मोठा झाला, ते त्यांना बघवले नाही, म्हणून पाडला." त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांत काहींच्या मनात त्यांचा धर्म असेलही. मी नाही म्हणत नाही. पण देणगी कुठून आली, कशाच्या बदल्यात आली, हा प्रश्न मुसलमानाला विचारला म्हणून मुसलमानद्वेषाचा होत नाही. तो कुठल्याही मुख्यमंत्र्याला विचारायचा प्रश्न आहे. आणि आपण काय विचारले? १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ असे चार वेळा कुलाब्याने त्यांना लोकसभेवर पाठवले. २००६ मध्ये ते केंद्रात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले. या सगळ्या वर्षांत आपण त्यांच्याकडे अर्ज घेऊन गेलो. नोकरीची चिठ्ठी, पासपोर्टचे काम, बदली. प्रश्न घेऊन गेलो नाही. अर्ज घेऊन जाणारा उपकाराखाली दबलेला असतो, तो जवाब मागत नाही. २००९ मध्ये ते हरले, २०१४ मध्ये वारले. त्यांच्यानंतर लोकसभेत महाराष्ट्रातून एक मुसलमान खासदार दिसायला २०१९ उजाडावे लागले. औरंगाबादहून इम्तियाज जलील गेले आणि २०२४ मध्ये तेही हरले. आपल्याला एवढा मोठा नेता मिळाला, पण मागे उरल्या त्या आठवणी आणि फोटो. प्रश्न विचारणारी एक पिढी उरली नाही. याचा दोष मी त्यांना देत नाही, आपल्याला देते.

अजून एक उदाहरण. जुलै २०१४ मध्ये मुसलमानांतील मागास गटांना पाच टक्के आरक्षण देणारा अध्यादेश निघाला. त्याच नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षण थांबवले, पण शिक्षणातील पाच टक्क्यांना हरकत घेतली नाही. अध्यादेशाची मुदत संपली, नव्या सरकारने कायदा केला नाही. पुढे २०१९ ते २०२२ या काळात आपल्या मतांवर हक्क सांगणाऱ्यांचे सरकार होते. त्यानेही केला नाही. माझ्या शाळेतून दहावी झालेल्या मुलींसाठी त्या पाच टक्क्यांचा अर्थ डी.एड.ची, नर्सिंगची, इंजिनिअरिंगची एकेक जागा असा होता. मग सांगा, त्यानंतर मत मागायला आलेल्या कुठल्या उमेदवाराला आपण ओट्यावर बसवून विचारले की बाबा रे, त्या पाच टक्क्यांचे काय केलेस? आपण त्याला हार घातला आणि कब्रस्तानच्या भिंतीसाठी निधी मागितला. आपल्या मुलींच्या जागेपेक्षा कब्रस्तानची भिंत आपल्याला जवळची वाटली.

ही सवय आजची नाही. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचा. आजही म्हातारी माणसे "नवाबाचे राज्य" म्हणताना मान ताठ करतात. नवाब आपल्या धर्माचे होते हे खरे. पण आपल्या पणजोबांना त्या राज्यात काय अधिकार होता? नवाब बदलण्याचा कुठलाही मार्ग प्रजेपाशी नव्हता, मग ती प्रजा हिंदू असो की मुसलमान. सुरुवातीच्या काळात गादीवर कोण बसायचे हे सिद्दी सरदार आपसांत ठरवीत. म्हणजे सत्तेत वाटा होता, पण तो मोजक्या घरांचा. आपल्या जमातींचा कारभार पाहिला की मला त्या सरदारांची आठवण होते. चार घरे बसतात आणि ठरवतात. पुढच्या वर्षी तीच चार घरे पुन्हा बसतात.

आणि एक गोष्ट तर नवाबांच्या जंजिऱ्यातही होती, ती आपल्या जमातीत नाही. १९२२ मध्ये नवाब सिद्दी अहमद खान वारले तेव्हा वारस लहान होता. १९३३ पर्यंत, म्हणजे तब्बल अकरा वर्षे, कुलसुम बेगमने त्याच्या वतीने राज्य चालवले. शंभर वर्षांपूर्वी एक मुसलमान बाई अख्खे संस्थान चालवत होती. आज तिच्याच मुलखातली बी.एड. झालेली बाई जमातीच्या बैठकीच्या दाराआड उभी राहूनसुद्धा काही विचारू शकत नाही.

आपली अर्धी चूल आखातावर पेटते, म्हणून थोडे तिकडेही पाहू. माझे अब्बा कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९० ला इराकची फौज शिरली तेव्हा नोकरी, पगार, सामान सगळे तिथेच सोडून ते वाळवंटातून जॉर्डनला आले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या दोन-अडीच महिन्यांत दीड लाखाहून जास्त हिंदी माणसे अशी परत आली. अब्बा सांगतात, अम्मानच्या तळावर त्यांना एकच गोष्ट कळली. इतकी वर्षे त्या देशाचे रस्ते, इमारती आपण उभ्या केल्या, पण आपल्या वतीने बोलायला तिथे कुणीही नव्हते. शेवटी विमान आले ते ज्या देशात आपल्याला मत आहे त्या देशाचे.

तरीही अरब मुलखांत कुवेतची गोष्ट वेगळी होती. तिथे १९६२ ची राज्यघटना होती, १९६३ पासून निवडून आलेली नॅशनल असेंब्ली होती. आणि त्या असेंब्लीला एक मोठा अधिकार होता, 'इस्तिजवाब'. मंत्री राजघराण्यातला असला तरी त्याला सभागृहात उभे करून जाब विचारायचा. आपला 'जवाब' आणि त्यांचा 'इस्तिजवाब' एकाच मुळाचे. २००५ मध्ये कुवेती स्त्रियांना मताचा हक्क मिळाला आणि २००९ मध्ये चार स्त्रिया निवडून आल्या. पण १० मे २०२४ ला अमिरांनी ती असेंब्ली बरखास्त केली आणि घटनेची काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित केली. साठ वर्षांची असेंब्ली एका फर्मानाने बंद पडू शकते, कारण फर्मान काढणाऱ्याला जाब विचारणारे कुणी नव्हते. ट्युनिशियाचेही तसेच झाले. २०११ मध्ये लोकांनी हुकूमशहाला पळवून लावले. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक यादीवर एक पुरुष, एक स्त्री असा क्रम कायद्याने बंधनकारक केला. २०१४ मध्ये नवी घटना आली. आणि जुलै २०२१ मध्ये निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षानेच संसदेला टाळे लावले.

याउलट लेबनॉन पाहा. आपल्यात जे लोक "आम्हाला राखीव जागा द्या, मग सगळे ठीक होईल" म्हणतात, त्यांनी तर जरूर पाहावे. तिथे वाटा पक्का आहे. संसदेच्या १२८ जागा निम्म्या ख्रिस्त्यांना, निम्म्या मुसलमानांना. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. पण प्रत्येक जमातीचा पुढारी आपल्या जमातीचा मालक होऊन बसला. १९९२ पासून सभापतीच्या खुर्चीवर एकच माणूस. बैरूतच्या बंदरात हजारो किलोंची नव्हे, हजारो टनांची स्फोटक रसायने वर्षानुवर्षे पडून होती. ४ ऑगस्ट २०२० ला ती उडाली आणि दोनशेहून जास्त माणसे मेली. पाच वर्षे उलटली तरी कुणालाही शिक्षा झाली नाही. चौकशीचा हात ज्याच्यापर्यंत पोचे, तो आपल्या जमातीच्या आड लपे. "आपल्या माणसाला" वाचवायला प्रत्येक जमात धावली, आणि मेलेल्यांत सगळ्या जमातींची माणसे होती.

नुसत्या वाट्याने काय होते, ते हे. आपल्या संविधान सभेत धर्मावर आधारित राखीव जागांचा प्रश्न १९४९ मध्ये निकालात निघाला. तेव्हा अशा जागा नकोत असे ठामपणे म्हणणाऱ्यांत बेगम एजाज रसूल या मुसलमान बाई होत्या. त्यांचे बरोबर की चूक यावर आपण वाद घालू शकतो. मीही वर्गात घालते. पण त्यांच्या विचारातला एक धागा मला पटतो : ज्याला सगळ्यांची मते मागावी लागतात, त्याला सगळ्यांना उत्तर द्यावे लागते.

आता परत मोहल्ल्यात येते, कारण भांडण खरे तिथे आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळले. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांतल्या नारळी-सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पत्रे उडाले, कौले फुटली, काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. सरकारी पंचनामे झाले. तलाठी आला, याद्या झाल्या, मदत मिळालेल्यांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली. त्यांत घोळ होते. वाडी नसलेल्याला मदत, वाडी असलेल्याला नाही. पण लोक भांडले, तहसीलदाराकडे अर्ज गेले, काही नावे बदलली. यादी डोळ्यांसमोर होती, म्हणून भांडता आले.

त्याच वेळी आमच्या जमातीकडेही मदत आली. कुवेतहून, दोह्याहून, मुंबईतल्या गाववाल्यांकडून. माझ्या पगारातून मीही दिले, माझ्या भावानेही पाठवले. पत्रे आले, किराणा आला, वाटला गेला. कुणाला किती, याची यादी कधीच लागली नाही. आमच्या घरामागच्या एका बेवा बाईच्या छपरावर दोन पावसाळे ताडपत्री होती. तिचे नाव यादीत होते असे मला सांगण्यात आले. ती यादी मी पाहू शकले नाही.

मी चार ओळींचे पत्र लिहिले. एकूण किती जमा झाले, किती खर्च झाले, कुणाला दिले, शिल्लक किती. बैठकीला बायकांनी जायचे नसते म्हणून ते पत्र धाकट्या भावाच्या हाती पाठवले. उत्तर पत्राने आले नाही. सदर साहेब अब्बांना भेटले. म्हणाले, "भाईजान, मुलगी शिकली, मास्तरीण झाली, चांगली गोष्ट आहे. पण जमातीच्या इज्जतीवर बोट ठेवायला कुठे शिकली?" पुढच्या महिन्यात माझ्या त्याच भावाचा निकाह ठरला. निकाहसाठी जमातीची चिठ्ठी लागते. ती अकरा दिवस अडली. कधी सेक्रेटरी गावात नाहीत, कधी शिक्का सापडत नाही. बाराव्या दिवशी मगरीबनंतर अब्बा सदर साहेबांच्या घरी गेले आणि माफी मागून आले. चिठ्ठी त्याच रात्री आली. मी माफी मागितली नाही. पण भावाचा निकाह अब्बांच्या माफीवर झाला, हे मी विसरू शकत नाही. हिशोब आजही मिळालेला नाही.

वाचकहो, ही एका गावाची कथा आहे असे समजून पान उलटू नका. आपापल्या गावच्या जमातीचा मागच्या वर्षीचा जमाखर्च आठवून पाहा. कमिटी कधी निवडली, कुणी निवडली, किती वर्षांसाठी, आठवते का? गंमत अशी की आपल्या जमाती काही कायद्याबाहेर नाहीत. कुणी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली, कुणी वक्फ मंडळाकडे. १९९५ च्या वक्फ कायद्यातच मुतवल्लीने दर वर्षी हिशोब द्यावा असे लिहिलेले आहे. २०२५ मध्ये सरकारने वक्फ कायदा बदलला तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. सरकारच्या नियतीवर मलाही शंका आहे, आणि ती घेण्याचा मला हक्क आहे. पण तीस वर्षे आपणच आपल्या मुतवल्लींकडून हिशोब घेतला असता, तर "यांच्या मिळकतींत सगळा अंधार आहे" हे म्हणण्याची सोय दुसऱ्यांना झाली नसती.

यावर तीन गोष्टी सांगितल्या जातात, त्या मला पाठ झाल्या आहेत.

पहिली : "लिल्लाह दिलेल्या पैशाचा हिशोब अल्लाहला द्यायचा असतो, माणसांना नाही." मग ज्यांची उदाहरणे आपण प्रत्येक वाझमध्ये ऐकतो त्या खलिफांचे काय? हजरत अबू बक्र यांनी खिलाफत हाती घेताच लोकांना सांगितले होते की मी चुकलो तर मला सरळ करा. हजरत उमर यांच्या अंगावर एका माणसाच्या वाट्यापेक्षा जास्त कापड दिसले तेव्हा भर मशिदीत त्यांना विचारले गेले, आणि त्यांनी मुलाला उभे करून खुलासा केला, ही हकीकत तर लहान मुलांनाही ठाऊक आहे. कुरआनात शूरा नावाची एक अख्खी सूरत आहे. खलिफाने जवाब द्यायचा आणि गावच्या सदराने द्यायचा नाही, हा कुठला इस्लाम?

दुसरी : "बायकांचे तिथे काय काम?" शिक्षण हक्क कायद्याने आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ज्या आया तिथे बसून पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेतात, त्या जमातीत पत्रे मोजू शकत नाहीत? २०११ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. मुसलमान बाई सरपंच होऊन गावाच्या चेकवर सही करू शकते आणि आपल्याच मोहल्ल्याच्या फंडाबद्दल विचारू शकत नाही. चंदा देताना ती जमातीची, हिशोब मागताना ती बाईमाणूस.

तिसरी, आणि सर्वांत जास्त चालणारी : "बाहेर वातावरण कसे आहे पाहता ना? अशा वेळी घरातली भांडणे चव्हाट्यावर कशाला?" वातावरण मला दिसते. मी रोज एसटीने जाते, डोक्यावर ओढणी असते, नजरा मला कळतात. पण वातावरण चांगले होते तेव्हाही हिशोब मिळत नव्हता. बाहेरच्या भीतीचा आडोसा घेऊन आत कारभार करणे ही राजकारण्यांचीच रीत आहे. ते आपल्याला दुसऱ्यांची भीती दाखवून मते घेतात, जमातीचे कारभारी तीच भीती दाखवून गप्प बसवतात. आणि जो गप्प बसत नाही त्याला जमातीबाहेर काढण्याची धमकी. या जिल्ह्यात गावकीने माणसे वाळीत टाकण्याची इतकी प्रकरणे उघड झाली की महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला. तो २०१७ पासून अमलात आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. तो कायदा गावकीला लागतो तसा जमातीलाही लागतो. निकाहची चिठ्ठी अडवणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

मला काय हवे ते सरळ सांगते. दर वर्षी रमजानच्या आधी जमातीचा जमाखर्च मशिदीच्या फलकावर लागावा, पैशापैशासह. कमिटीची निवड तीन वर्षांनी चिठ्ठी टाकून व्हावी, हात वर करून नाही, कारण हात कुणाचा वर आहे हे सावकार पाहत असतो. मत मोहल्ल्यातल्या प्रत्येक वयात आलेल्या माणसाला असावे. बाईला, खाडीवर मासे मारणाऱ्याला, उत्तरेतून येऊन इथे बेकरी चालवणाऱ्यालाही. कमिटीत एक तृतीयांश तरी बायका असाव्यात. आणि परदेशातल्या भावांना माझी विनंती आहे की पैसे पाठवण्याआधी मागच्या पैशांची पावती मागा. तुम्ही जिथे राबता तिथे तुम्हाला आवाज नाही. निदान आपल्या गावात तुमच्या पैशाने दुसऱ्यांचा आवाज बंद होऊ देऊ नका.

हे झाले तर आमदार-खासदारांचे काय होईल? ज्या मोहल्ल्याला सदराकडून हिशोब घेण्याची सवय लागली, तो आमदाराला हार घालून सोडणार नाही. उमेदवार ओट्यावर आला की त्याच्यासमोर कागद ठेवला जाईल : पाच टक्क्यांचे काय, उर्दू शाळांतल्या रिकाम्या जागांचे काय, मच्छीमारांच्या डिझेलचे काय. पाच वर्षांनी तोच कागद पुन्हा काढला जाईल. मग तो उमेदवार मुसलमान असो वा नसो, तो आपला नुमाइंदा असेल.

हा जिल्हा हक्क मागणाऱ्यांचा आहे. चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांच्या परिषदेला जागा मिळू नये म्हणून सवर्णांनी नाकेबंदी केली, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जमीन दिली. त्याने जमातीची परवानगी घेतली होती की नाही हे कुणी विचारत नाही. आपण आज त्याचे नाव अभिमानाने घेतो, तेवढे पुरे आहे.

माझे चार ओळींचे पत्र अजून त्यांच्याकडे पडून आहे. एकूण किती जमा, किती खर्च, कुणाला दिले, शिल्लक किती. पुढच्या रमजानला मी ते पुन्हा पाठवणार आहे. या वेळी भावाच्या हाती नाही, स्वतः घेऊन जाणार आहे.